शब्दांच्या आज्ञा, यंत्रांची उत्तरे

पावसाळ्यात दिल्लीतील एखाद्या घराचा दूरध्वनी अचानक मुका होई. रिसीव्हर कानाला लावला, तर नेहमीचा सूर ऐकू येत नसे. येई ती नुसती खरखर. मग शेजाऱ्यांकडे जायचे, १९८ हा क्रमांक लावायचा आणि तक्रार नोंदवून यायचे, असा शिरस्ता होता. यथावकाश लाइनमन येई. पुष्कळदा तो घरात न शिरता सरळ रस्त्यावरच्या लोखंडी पेटीकडे, नाहीतर खांबाकडे वळे. घरातल्यांना याचे नवल वाटे. बिघाड घरात नसून बाहेर आहे, हे याला आधीच कसे कळले?

ते त्याला केंद्रातून कळलेले असे. दूरध्वनी केंद्रात, म्हणजे बोलीत ज्याला एक्स्चेंज म्हणतात तिथे, बसलेल्या कर्मचाऱ्याने त्या घराच्या तारांची तपासणी आधीच केलेली असे. दोन तारांमधील विद्युतरोध कमी भरला, तर केबलच्या सांध्यात पाणी शिरले आहे असा तर्क करता येतो. तार कुठे तुटली असेल, तर दोन तारांमधील विद्युतधारिता नेहमीपेक्षा कमी भरते. ही धारिता तारांच्या लांबीच्या प्रमाणात असते. त्यामुळे तार अंदाजे किती अंतरावर तुटली आहे, हेही सांगता येते. जुन्या काळी ही मोजमापे चाचणीच्या मेजावर बसून, काटा असलेल्या उपकरणांनी घ्यावी लागत. केंद्रे संगणकावर चालू लागली, तेव्हा हेच काम कळफलकावर एक ओळ टंकून होऊ लागले. कर्मचारी यंत्राला लिहून विचारी आणि यंत्र लिहूनच उत्तर देई. अशा लेखी प्रश्नोत्तरांची ओळख तुम्ही या पाठात करून घेणार आहात.

हातांनी चालणारे केंद्र

१ एप्रिल १९८६ रोजी दिल्ली आणि मुंबई या दोन महानगरांच्या दूरध्वनी सेवेसाठी महानगर टेलिफोन निगम लिमिटेड, म्हणजेच एमटीएनएल, ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तेव्हाची अनेक केंद्रे यांत्रिक होती. ग्राहकाने तबकडी फिरवली की केंद्रातील धातूचे भाग खटखट करीत पुढे सरकत आणि जोडणी होई. शहरभरच्या केबली जिथे येऊन मिळत, ती उंच लोखंडी चौकट 'एमडीएफ' या आद्याक्षरांनी ओळखली जाई. चौकटीच्या एका बाजूला घरांकडून आलेल्या तारांच्या जोड्या असत आणि दुसऱ्या बाजूला केंद्रातील यंत्रे. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या बारीक तारेला 'जम्पर' म्हणत.

ग्राहकाची सारी कुंडली या जम्परवर ठरे. नवी जोडणी द्यायची असेल, तर जम्पर लावायचा. घर बदलले की जम्पर बदलायचा. बिल थकले की तो काढून ठेवायचा. ग्राहकाचा क्रमांक म्हणजे त्या चौकटीवरची एक ठरलेली जागाच असे. कर्मचारी शिडीवर चढे, चिठ्ठीवरचा क्रमांक वाचे आणि हजारो तारांमधून नेमकी तार शोधून काढे. हे काम कौशल्याचे होते. ज्यांनी ते वर्षानुवर्षे केले, त्यांच्या बोटांना ती चौकट पाठ असे. मात्र यंत्राला काही करायला लावायचे, तर त्याच्यापाशी जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

संगणकीय केंद्रात हे बदलले. 'हा दूरध्वनी क्रमांक त्या तारेचा' हा संबंध आता यंत्राच्या स्मृतीत लिहिलेला असे. लिहिलेले खोडता येते आणि पुन्हा लिहिता येते. तेही दुसऱ्या खोलीतून, दुसऱ्या इमारतीतून किंवा दुसऱ्या गावातून.

दिल्लीतील एक प्रयत्न

ऑगस्ट १९८४ मध्ये भारत सरकारने 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स', म्हणजेच सी-डॉट, ही संशोधन संस्था स्थापन केली. दिल्लीतील चाणक्यपुरीत, पूर्वी अकबर हॉटेल असलेल्या इमारतीत, तिचे काम चाले. ओडिशातील टिटलागढ येथे जन्मलेले आणि अमेरिकेत दूरसंचार अभियंता म्हणून नाव मिळवलेले सॅम पित्रोदा यांचा या उभारणीत मोठा वाटा होता. भारताच्या हवामानात आणि भारताच्या खेड्यांत चालेल असे संगणकीय केंद्र ३६ महिन्यांत व ३६ कोटी रुपयांत तयार करण्याचे काम संस्थेकडे सोपवले होते. संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे छोटे केंद्र बनवले. त्यातील पहिले जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसवण्यात आले. या केंद्राला वातानुकूलित खोली लागत नसे. धूळ आणि उन्हाळा सोसत ते चालत राही. परदेशी केंद्रांना थंड खोली लागे आणि खेड्यात तर विजेचाच भरवसा नसे. हे ध्यानात घेतले, म्हणजे या साध्या वाटणाऱ्या गुणाचे मोल कळते.

मोठ्या शहरांसाठी सी-डॉटने पुढे मोठी केंद्रे बनवली. त्यांत माणसाशी संवाद साधण्यासाठी एक वेगळा संगणक असे. केंद्राचे प्रोग्रॅम साठवणे, बिलाच्या नोंदी ठेवणे आणि पडद्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याच्या आज्ञा घेणे, ही कामे तो करी. या केंद्राचा एखादा भाग काही मैलांवरच्या वस्तीत नेऊन ठेवता येई. तिथे कोणी बसलेले नसे. त्या भागाला द्यायच्या आज्ञा मुख्य केंद्रातूनच जात.

फ्रेंच आज्ञा

याच दशकात भारताने फ्रान्समधील सीआयटी-अल्काटेल या कंपनीचे ई-१०बी नावाचे तंत्रज्ञानही घेतले. उत्तर प्रदेशातील मनकापूर येथे, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या कारखान्यात, ती यंत्रे बनू लागली. त्याच घराण्यातील पुढच्या पिढीचे केंद्र म्हणजे ओसीबी-२८३. या केंद्रात नवा ग्राहक निर्माण करण्याची आज्ञा 'एबीओसीआर' अशी होती. ही अक्षरे इंग्रजी शब्दाची आद्याक्षरे असावीत असे वाटते. पण ती तशी नाहीत. फ्रेंचमध्ये ग्राहकाला 'आबॉने' म्हणतात आणि निर्माण करण्याला 'क्रेए'. त्या दोन शब्दांची सुरुवातीची अक्षरे घेऊन ही आज्ञा बनली. तिच्यापुढे 'एनडी' लिहून दूरध्वनी क्रमांक द्यायचा आणि 'एनई' लिहून केंद्रातील उपकरणाचा क्रमांक द्यायचा. ज्या संबंधासाठी पूर्वी शिडीवर चढून जम्पर लावावा लागे, तो संबंध या दोन अक्षरजोड्यांत सामावला.

फ्रेंचचा एक शब्दही न येणारे भारतीय कर्मचारी दिवसभर ही फ्रेंच अक्षरे टंकत आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नसे. यंत्राची आज्ञा शिकायला इंग्रजी उत्तम यावे लागते, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. इंग्रजी बोलणाऱ्यालाही या आज्ञा नव्यानेच शिकाव्या लागतात. त्या शिकताना अक्षर, अंक आणि विरामचिन्ह यांतले काहीही गाळून चालत नाही. दिल्लीजवळ गाझियाबाद येथे १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने भारत सरकारने दूरसंचाराचे उच्च प्रशिक्षण केंद्र उभारले. देशभरचे अभियंते अशी नवी तंत्रे शिकण्यासाठी तिथे येत.

प्रत्येक कंपनीची आज्ञा वेगळी असली, तर एकाच शहरात चार भाषा शिकण्याची पाळी येते. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या समितीने 'मनुष्य-यंत्र भाषे'चे नियम ठरवून दिले. 'झेड-३००' या मालिकेत ते आढळतात. अमेरिकेत १९८४ मध्ये बेलकोर या संस्थेने याच नियमांच्या आधारे एक भाषा तयार केली. तिचे नाव 'ट्रान्झॅक्शन लँग्वेज वन', संक्षेपाने टीएल-वन. प्रकाशतंतूंवर संदेश वाहून नेणाऱ्या यंत्रांमध्ये ती विशेष रुळली.

आज्ञेचे व्याकरण

मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते. 'रामूला पाटीवरची बेरीज दाखव' या आज्ञार्थी वाक्यात काय करायचे, हे सर्वांत शेवटी कळते. टीएल-वनमध्ये क्रियापद आरंभीच येते. उदाहरणादाखल ही आज्ञा पाहा. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत टंकली जाते.

आरटीआरव्ही-एएलएम-ऑल:गाझियाबाद२::१०४;

'आरटीआरव्ही' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ 'काढून दाखव'. काय दाखव? 'एएलएम', म्हणजे अलार्म, धोक्याच्या सूचना. कोणत्या? 'ऑल', म्हणजे सगळ्या. या तीन शब्दांना संयोगचिन्हाने जोडले आहे. त्यानंतर अपूर्णविराम येतो आणि ज्या यंत्राला आज्ञा करायची त्याचे नाव येते. इथे गाझियाबादमधील दुसरे यंत्र, असे काल्पनिक नाव घेतले आहे. पुढच्या जागी यंत्राचा नेमका कोणता भाग, ते लिहायचे असते. ती जागा रिकामी ठेवली आहे, म्हणून दोन अपूर्णविराम लागोपाठ आले. जागा रिकामी ठेवली, तरी तिचे चिन्ह गाळता येत नाही. नंतरचा १०४ हा त्या आज्ञेचा अनुक्रमांक. शेवटी अर्धविराम आहे. मराठीत अर्धविरामाजवळ वाक्य थोडे थांबते. इथे मात्र तो पूर्णविरामाचे काम करतो आणि तो दिल्याशिवाय यंत्र हालचाल करीत नाही.

उत्तरही नियमाने येते. पहिल्या ओळीत यंत्र स्वतःचे नाव, तारीख आणि वेळ सांगते. दुसऱ्या ओळीत 'एम १०४' असे लिहून ते कोणत्या आज्ञेचे उत्तर आहे हे स्पष्ट करते. एकाच वेळी पुष्कळ आज्ञा गेल्या असल्या, तरी उत्तरांची सरमिसळ होऊ नये, हा त्यामागचा हेतू. कार्यालयातील पत्राच्या उत्तरात 'आपले पत्र क्रमांक अमुक' असे लिहितात, त्यातलाच हा प्रकार. त्यापुढे एकच शब्द येतो. काम झाले असेल तर 'पूर्ण' या अर्थाचा. झाले नसेल तर 'नाकारले' या अर्थाचा. नाकारल्यास चार अक्षरांत कारणही येते. यंत्राचे नाव चुकले, भागाचे नाव चुकले, किंवा ही आज्ञा देण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे ते कारण असते. यंत्र रागावत नाही आणि गयाही करीत नाही.

काही वेळा कोणी न विचारताही यंत्र बोलते. वीज गेली, तार तुटली, उष्णता वाढली, तर ते आपणहून संदेश धाडते. अशा संदेशाच्या आरंभी खुणा असतात. एक तारा म्हणजे किरकोळ बिघाड आणि दोन तारे म्हणजे मोठा. ताऱ्यापुढे 'सी' हे अक्षर असेल, तर बिघाड गंभीर असून तातडीने धावले पाहिजे. रात्रपाळीच्या माणसाची नजर आधी या खुणांवर जाते. संदेशातील मजकूर तो मागाहून वाचतो.

चुकलेली आज्ञा

यंत्र आज्ञेचे रूप तपासते. तिच्यामागचा हेतू त्याला दिसत नाही. नियमात न बसणारी आज्ञा ते नाकारील. पण नियमात बसणारी आणि तरीही चुकीची आज्ञा ते निमूटपणे पाळील. थकबाकीदाराची सेवा बंद करताना क्रमांकातील एक अंक चुकला, तर यंत्राच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. तो क्रमांक अस्तित्वात असतो, आज्ञा शुद्ध असते आणि उत्तर 'पूर्ण' असेच येते. बंद पडतो तो मात्र भलत्याच घरातील दूरध्वनी. त्या घरात कोणी आजारी असेल किंवा परगावच्या मुलाच्या फोनची वाट पाहत असेल. शिडीवर चढून जम्पर काढतानाही चूक होत असे. पण तिथे हात थबकायला थोडा अवकाश असे. टंकताना तो उरत नाही. म्हणूनच अशा व्यवस्थेत प्रत्येकाला स्वतंत्र परवलीचा शब्द देतात, कोणाला कोणत्या आज्ञा देता येतील हे ठरवून ठेवतात आणि दिलेली प्रत्येक आज्ञा वेळेसह नोंदवून ठेवतात. जाणते कर्मचारी आणखी एक पथ्य पाळतात. काही बदलण्याआधी ते यंत्राला 'आता काय स्थिती आहे' हे विचारतात आणि बदलल्यावर तेच पुन्हा विचारतात.

दूरच्या यंत्राला आज्ञा देताना एक धोका विशेष मोठा असतो. आपली आज्ञा ज्या मार्गाने तिथवर पोहोचते, तोच मार्ग तिने बंद केला तर? शेखचिल्लीने बसल्या फांदीवरच घाव घातला, तशी गत होते. 'पुन्हा सुरू कर' ही आज्ञा द्यायलाही मग वाट उरत नाही. कोणालातरी गाडी काढून त्या यंत्रापर्यंत जावे लागते.

हे केवळ लहान कार्यालयांत घडते असे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या. भारतात तेव्हा रात्र होती. त्यामागचे कारण फेसबुकने नंतर स्वतःच जाहीर केले. नेहमीच्या देखभालीचे काम चालू असताना, कंपनीच्या मुख्य जाळ्याची क्षमता अजमावण्यासाठी एक आज्ञा दिली गेली. तिने त्या जाळ्याच्या सगळ्याच जोडण्या तोडल्या. धोक्याच्या आज्ञा अडवण्यासाठी एक तपासनीस प्रोग्रॅम होता. पण त्यातच दोष असल्याने त्याने ती अडवली नाही. दुरून दुरुस्ती करण्याची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती. शेवटी अभियंत्यांना यंत्रे ठेवलेल्या इमारतींत प्रत्यक्ष जावे लागले. त्या इमारतींची सुरक्षाव्यवस्था कडक असल्यामुळे आत शिरण्यातही वेळ गेला.

हातातील कळफलक

आता हे सारे अभियंत्यांचे जग आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. तुमच्या मोबाइलवर *#०६# ही अक्षरे टंकून पाहा. लगेच पंधरा अंकांचा एक क्रमांक पडद्यावर उमटेल. तो तुमच्या फोनचा ओळख क्रमांक आहे. फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार देताना तो लागतो. ही आज्ञा तुमच्या हातातील फोनच पाळतो. परंतु मोबाइल सेवेच्या जागतिक नियमांत अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या काही आज्ञा आहेत आणि त्या दूरवरच्या यंत्रणेपर्यंत पोहोचतात. त्यांचेही व्याकरण आहे. तारा म्हणजे 'सुरू कर'. चौकटीचे चिन्ह, ज्याला हॅश म्हणतात, ते आधी आले तर 'बंद कर'. तारा आणि हॅश जोडून आले तर 'स्थिती सांग'. त्यापुढचा अंक सेवेचे नाव सांगतो. २१ म्हणजे येणारे सगळे कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळवणे. म्हणून *#२१# याचा अर्थ असा होतो : 'माझे कॉल कुठे वळवलेले आहेत का, ते सांग.'

या आज्ञांचा गैरफायदाही घेतला गेला. ठग फोन करी आणि आपण दूरसंचार कंपनीचे कर्मचारी आहोत असे सांगे. 'तुमच्या सिममध्ये बिघाड आहे, दुरुस्तीसाठी *४०१* आणि त्यापुढे मी सांगतो तो क्रमांक टंका,' असे तो म्हणे. ऐकणाऱ्याला वाटे, हा दुरुस्तीचाच काही मंत्र असेल. प्रत्यक्षात काही कंपन्यांच्या सेवेत ती येणारे कॉल वळवण्याची आज्ञा होती. त्या क्षणापासून त्याचे कॉल ठगाकडे जाऊ लागत. बँकेने कॉल करून सांगितलेला गुप्त अंकही त्यालाच ऐकू येई. आज्ञा देणारे बोट फोनच्या मालकाचेच असल्यामुळे, यंत्रणेला शंका घेण्याचे कारणच नसे.

दिल्लीत अशोक रोडवरील संचार भवनात असलेल्या केंद्रीय दूरसंचार विभागाने जानेवारी २०२४ मध्ये याबाबत नागरिकांना सावध केले. पुढे २८ मार्च २०२४ रोजी त्याने कंपन्यांना आदेश दिला. अशा संक्षिप्त आज्ञांनी कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून पुढील सूचना मिळेपर्यंत थांबवावी, आणि ज्या ग्राहकांनी या मार्गाने ती सुरू केली असेल, त्यांची खातरजमा करून ती दुसऱ्या मार्गाने पुन्हा द्यावी, असे त्यात म्हटले होते. एका ओळीच्या आज्ञेची सोय काढून घेण्यासाठी देशभरच्या कंपन्यांना आदेश काढावा लागला, यावरून त्या ओळीचे बळ ध्यानात येते.

पाठावर आधारित प्रश्न

१. लाइनमन घरात न शिरता थेट रस्त्यावरच्या पेटीकडे का वळे, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. जम्पर आणि 'एबीओसीआर' ही आज्ञा यांत साम्य कोणते व फरक कोणता?

३. पुढील वाक्ये टीएल-वनच्या क्रमाने, म्हणजे क्रियापद आधी ठेवून, पुन्हा लिहा : 'दुसऱ्या मजल्यावरचा दिवा बंद कर.' 'टाकीतील पाण्याची पातळी सांग.' प्रत्येक आज्ञेचे यंत्राकडून येणारे 'पूर्ण' आणि 'नाकारले' अशी दोन्ही उत्तरे कारणासह लिहा.

४. तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला कोणी फोनवर काही अंक टंकायला सांगितले, तर ते टंकण्याआधी त्यांनी कोणते प्रश्न विचारावेत? त्यांच्याशी बोलून त्यांनाच सुचलेले प्रश्न लिहून आणा.